बंपर मधोमध जोडलेला आहे, टिंकर म्हणतो अपघाताची गाडी. मॉरिस मायनरवाले कोणी आहेत का इथे?

मांगरातली_गाडी (डिचोली)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरामागे भाटात (माडांच्या बागेत) एक मांगर, म्हणजे सामान ठेवायची खोपी आहे, त्यात आजोबांची गाडी तीसेक वर्षं उभी आहे. वर कौलं आहेत म्हणून वाचली, पण बाजूने झावळ्यांचा आडोसा आणि डिचोलीचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे खालून कितपत खाल्लीय ते देव जाणे. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. आजोबा गेल्यावर कोणी हात लावला नाही, आता काका म्हणतो मांगर पाडून तिथे दोन खोल्या काढूया, भाड्याने देता येतील, म्हणजे गाडीचं काय ते चवथीच्या आधी ठरवायला हवं.

गाडी लहानशी, दोन दाराची, समोरची काच दोन तुकड्यांची मध्ये दांडी असलेली. हेडलाइट अगदी खाली, जाळीच्या आतच बसवलेत. बोनेटवर मधून एक सपाट उंच पट्टा नाकापर्यंत येतो. आता मुद्द्याचं. पुढचा बंपर मधोमध कापलेला आहे आणि दोन तुकड्यांच्या मध्ये एक पट्टी घालून बोल्ट मारलेत. मी टेप लावून मोजली, बरोब्बर चार इंच. मागचा बंपर नाहीच.

गावातल्या टिंकरला आणून दाखवली. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ही गाडी जबर आपटलेली आहे, बंपर तुटला तो कोणीतरी जोडला आणि बोनेटही मधून सांधलेलं दिसतं. म्हणाला बंपर अख्खा नवीन करूया, बोनेटचा पट्टा ठोकून गोल करतो, लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की नवी कोरी. वर हेही म्हणाला की एवढं करण्यापेक्षा भंगारात दे, पत्रा जाड आहे, वजन येईल.

काका म्हणतो ही बेबी हिंदुस्तान, अँबॅसेडरची धाकटी बहीण. आजी म्हणते ‘मोरीस’. तर ही नक्की कोणती, कुठे बनली, आणि टिंकरचं ऐकू की नको? त्याने सोमवारी ग्राइंडर घेऊन येतो असं सांगितलंय.

घाटावरचा_शाणा (बेळगाव)

बेबी हिंदुस्तानच, डोळे झाकून सांगतो. अँबॅसेडरचे पार्ट बसतात सगळे, उगाच विचार करू नकोस. माझ्या मित्राने असल्याच एका जुन्या गाडीत मारुती व्हॅनचं इंजिन टाकलं, एसी पण बसवला, लग्नाला भाड्याने देतो. नवरा-नवरी बसतात, फोटो काढतात, पैसे सुटतात.

जुनं_लोखंड (मडगाव)

आधी टिंकरला फोन कर आणि सोमवारी येऊ नको म्हणून सांग. मग पुढचं वाच.

अरे बाबा तो बंपर तुटलेला नाही, तो कारखान्यातूनच कापून आलाय! तू मोजलेले चार इंच वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. सांगतो.

ही मॉरिस मायनर, इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या काउलीला बनलेली. डिझाइन अ‍ॅलेक इसिगोनिस याचं, जन्म १९०६ चा, तुर्कस्तानातल्या स्मर्नाचा, पोरवयात तिथून पळून इंग्लंडला आलेला माणूस, ज्याने पुढे १९५९ ची मिनी काढली तोच. महायुद्ध चालू असतानाच याने जॅक डॅनियल्स आणि रेग जॉब या दोघांना हाताशी धरून एक छोटी गाडी आखायला घेतली, तिचं गुप्त नाव मॉस्किटो. डास! १९४७ मध्ये नमुना गाडी तयार, कारखान्यात अवजारं, साचे करायला घेतलेत, आणि साहेबाला वाटायला लागलं की ही अरुंद दिसतेय, काहीतरी बिघडलंय. मग काय केलं माहितीये, गाडी लांबीत मधोमध करवतीने कापायला लावली. नारळ फोडतात तशा दोन भकला. मेकॅनिकांना म्हणाला आता एकमेकांपासून हळूहळू लांब सरकवा, आणि स्वतः लांब उभा राहून बघत राहिला, अजून थोडं, अजून थोडं, हां बस. मोजलं तर चार इंच.

त्या चार इंचांनी सगळं डिझाइन पुन्हा करायला लागलं. छपरात, फरशीत भर घालणं एक वेळ सोपं, पण बोनेट? त्याच्या मधोमध सपाट पट्टा घातला, तोच तुझ्या टिंकरला ‘सांधा’ वाटतोय. तो पट्टा पुढे १९७१ पर्यंत प्रत्येक मायनरवर राहिला. आणि बंपर तर आधीच तयार होऊन पडलेले, मोडीत कोण घालणार, युद्धानंतरचं इंग्लंड, पोलाद रेशनवर. म्हणून ते बंपर मधून कापले आणि चार इंचांची पट्टी टाकून बोल्ट मारले. तेवढा साठा संपल्यावर अख्खे बंपर आले. म्हणजे पट्टीवाला बंपर फक्त अगदी सुरुवातीच्या गाड्यांना. तुझा टिंकर जे घासून टाकायला निघालाय तो त्या गाडीचा जन्मदाखला आहे.

हेडलाइट खाली जाळीत हेही त्याचंच दुसरं लक्षण. अमेरिकेच्या नियमात दिवे तेवढ्या खाली चालत नव्हते, म्हणून आधी तिकडे जाणाऱ्या गाड्यांचे आणि पुढे सगळ्यांचेच दिवे वर मडगार्डवर आले. इसिगोनिसला ते आवडलं नव्हतं असं म्हणतात, मला विचाराल तर त्याचंच बरोबर होतं, खालच्या दिव्यांची मायनर जास्त देखणी.

गाडी पहिल्यांदा दाखवली ऑक्टोबर १९४८ मध्ये, लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात. युद्धानंतरचं तिथलं पहिलंच मोटार प्रदर्शन. किंमत टॅक्ससकट ३५८ पौंड आणि वर काही शिलिंग. गंमत म्हणजे कंपनीचा मालक विल्यम मॉरिस, म्हणजे लॉर्ड नफिल्ड, सायकली दुरुस्त करता करता एवढा मोठा झालेला माणूस, त्याला ही गाडी अजिबात पसंत नव्हती, पोच्ड एग म्हणायचा तिला. त्याच पोच्ड एगची संख्या १९६० च्या डिसेंबरात दहा लाखांवर गेली, तेवढी मजल मारणारी पहिली ब्रिटिश गाडी. मग हौसेने साडेतीनशेच्या आसपास गाड्या फिक्या जांभळ्या रंगात काढल्या आणि त्यांच्यावर ‘मायनर १०,००,०००’ असा बिल्ला लावला. बंद होईपर्यंत एकूण सोळा लाखांच्या आसपास.

आणि हो, आज पणजीत ज्या एमजीच्या इलेक्ट्रिक गाड्या फिरतात ना, त्यातला एम म्हणजे हाच मॉरिस. मॉरिस गॅराजेस. कंपनी आता चिनी, पण नाव त्या सायकलवाल्याचं.

आता बेबी हिंदुस्तानबद्दल. तुझा काका अगदीच चुकीचा नाही. हिंदुस्तान मोटर्सने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला मायनरच बेबी हिंदुस्तान म्हणून काढली होती. पण अँबॅसेडर निघाली ती मॉरिस ऑक्सफर्डवरून, मायनरवरून नाही. म्हणजे चुलत बहीण म्हण फार तर. बेळगावकर शाण्यांनी ‘सगळे पार्ट बसतात’ म्हटलंय ते कृपा करून विसर. अँबॅसेडरचं इंजिन १४८९ सीसीचं, बी सिरीज. तुझ्या गाडीत, जर मूळचं असेल तर, ९१८ सीसीचं साइडव्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं जुन्या पद्धतीचं इंजिन) असणार. फरक मांजर आणि म्हशीएवढा.

खात्री हवी तर बोनेट उघड, फायरवॉलवर (इंजिन आणि सीटांच्या मधल्या पत्र्यावर) प्लेट शोध, रॉकेलच्या चिंधीने हलकेच पूस (पॉलिश पेपर नको!) आणि नंबर काय ते सांग. सुरुवात एसएमएम अशी असेल तर काउलीची पहिली मालिका. इंजिनवर यूएसएचएम दिसलं तर ते पण मूळचं.

घाटावरचा_शाणा (बेळगाव)

बरं बाबा चुकलं. पण मारुती इंजिनाचं मी सिरियसली सांगत होतो, मायलेज तरी मिळेल.

मांगरातली_गाडी (डिचोली)

@जुनं_लोखंड काका, हात थरथरताहेत टाइप करताना. प्लेट मिळाली. वर गंज होता पण अक्षरं खोल मारलेली. एसएमएम आणि पुढे पाच आकडे. इंजिनवर पण शोधली, तेलाच्या थराखाली एक छोटी प्लेट, यूएसएचएम!!

टिंकरला फोन केला. तो म्हणाला ‘पात्रांव, कारखान्यात कोण बंपर कापील मरे?’ पटलं नाही त्याला. जेवताना आजीला विचारलं, कधी अपघात झाला होता का गं. ती म्हणाली, झाला असता तर मला कळलं नसतं का, शेजारी तर मीच बसायचे. मग म्हणाली बंपर पहिल्या दिवसापासून तसाच, तुझा आजोबा त्या पट्टीवर नारळ फोडायचा.

आजोबांनी ही १९५३ की ५४ ला पणजीच्या कोणाकडून तरी जुनीच घेतली होती एवढं तिला आठवतं. मला प्रश्न पडलाय की तेव्हा गोव्यात इंग्लंडची गाडी आली कशी? आपल्याकडे पोर्तुगीज होते ना?

बेतीचा_म्हातारा

बाळा मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो, जमेल तसं सांगतो. नातवाने हा धागा दाखवला आणि मग मला झोप लागेना.

पोर्तुगीज होते म्हणूनच आली. तिकडे भारतात परदेशी गाड्यांवर निर्बंध, लोक फियाट आणि लँडमास्टरसाठी नंबर लावून बसायचे. इकडे मुरगावला बोटीतून सगळं उतरायचं, इंग्लिश, जर्मन, अमेरिकन, जे पाहिजे ते, फक्त खिशात पैसे पाहिजेत. आणि इंग्लंडला तेव्हा डॉलरची एवढी गरज की जो कारखाना माल बाहेर पाठवील त्याला पोलाद मिळणार. म्हणजे तिकडच्या माणसाला स्वतःच्या देशात मायनर मिळायला वाट बघायला लागायची आणि आमच्या पणजीत ती बांदार्‍याजवळ उभी. अजून एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, पोर्तुगालात १९२८ पासून गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, पण गोव्यात डावीकडूनच ठेवलं होतं, सगळ्या बाजूंनी हिंदुस्तान, करणार काय. म्हणून इंग्लंडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या इथे जशाच्या तशा चालायच्या.

माझे वडील एका भाटकाराकडे (जमीनदाराकडे) शोफेर होते. त्यांच्याकडे मायनर होती, रंग काळपट हिरवा. गाडी बेतीहून फेरीवर चढवायची तर दोन फळ्या लावायचे, चाकं बरोबर फळीवर आली पाहिजेत नाहीतर मांडवीत. पूल तर १९७० ला आला. वडील मला खाली उतरवायचे आणि म्हणायचे चाकाकडे बघ आणि हात दाखव. त्या वयात एवढा मान कोण देतं.

दाराच्या मागच्या खांबातून दिशा दाखवायचा एक लहान पिवळा हात बाहेर यायचा, आत बल्ब. आम्ही पोरं त्याला ‘कान’ म्हणायचो. पावसात तो अडकायचा, मग वडील आतून खांबावर बुक्की मारायचे की टाक करून बाहेर. चौकात उभा असलेला पाकलो (गोरा पोर्तुगीज) पोलीस पण हसायचा.

आणि फर्मागुडीचा चढ! म्हार्दोळ मागे पडलं की वडील भाटकारणीला सांगायचे आता बोलू नका बायसाब. कारण ते जुनं इंजिन, त्याला पाण्याचा पंपच नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं आणि गार खाली येतं, चुलीवरच्या पातेल्यासारखं, तेवढ्यावर सगळा कारभार. इंग्लंडच्या थंडीत ठीक असेल, मे महिन्यात फर्मागुडीला नाही. वरच्या वळणावर झाकणातून वाफ, मग आम्ही सगळे फणसाच्या सावलीत, आणि डिकीत कायम एक पाण्याचा डबा. वडील घाईघाईत झाकण उघडू द्यायचे नाहीत, भाटकाराने एकदा उघडलं होतं, मनगटावर डाग शेवटपर्यंत राहिला त्याच्या.

मुक्ती झाल्यावर हळूहळू असल्या गाड्या मुंबईच्या लोकांनी येऊन नेल्या. आमच्या भाटकाराची पण गेली. ज्या दिवशी नेली त्या दिवशी वडील जेवले नाहीत. असो. पोरा, विकू नको.

म्हापशाचा_पाना

काका, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. आता थोडं ग्रीसचं बोलूया, कारण हा पोरगा जोशात येऊन उद्या बॅटरी लावून चावी फिरवील आणि मग सगळंच बसेल.

माझ्याकडे १९५८ ची मायनर १००० आहे, चौदा वर्षं मीच करतो, त्याआधी इतरांवर विसंबून पुरेसे हात पोळून घेतले. पहिली गोष्ट, बॅटरी. या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जाते, आपल्या सगळ्या गाड्यांच्या उलट. एका गॅरेजमध्ये मी सर्व्हिसला टाकली होती, तिथल्या पोराने सवयीने मायनस बॉडीला लावली. आत जुना रेडिओ होता, वॉल्व्हचा, माझ्या सासर्‍यांनी प्रेमाने दिलेला. धूर. वर मला म्हणतात रेडिओ जुना होता ना. तर तू बॅटरीजवळ लाल रंगाने मोठं लिहून ठेव.

पण बॅटरी नंतरची गोष्ट. आधी चारी प्लग काढ. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोड आणि आठ दिवस विसरून जा. मग पुढून हँडल घाल (बंपरखालून भोक दिसेल) आणि नुसत्या हाताच्या वजनाने हलतं का बघ, उडी मारून लटकायचं नाही. त्या इंजिनात पिस्टन ५७ मिलिमीटरचा आणि स्ट्रोक ९० चा, हडकुळं आणि लांबुडकं, कारण इंग्लंडात पूर्वी रोड टॅक्स पिस्टनच्या रुंदीवर होता, मग सगळे कारखाने बारीक सिलिंडर आणि लांब स्ट्रोकचीच इंजिनं करायचे. टॅक्स वाचवायला काय काय करतात लोक, आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाड्या आहेत तसंच ते. इसिगोनिसला खरं तर या गाडीत नवीन आडवं चार सिलिंडरचं इंजिन टाकायचं होतं, खर्च परवडेना म्हणून आधीच्या मॉरिस एटचं साइडव्हॉल्व्हच उचलून ठेवलं. ताकद साडेसत्तावीस हॉर्सपॉवर. आजच्या स्कूटर आठव आणि हस. पुढे १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एक झाले, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) झाली, तेव्हा ऑस्टिनचं ८०३ सीसी ए सिरीज आलं, मग ९४८, मग १०९८. इंजिन बदलत गेलं पण खालची गाडी तीच, कारण ती पहिल्यापासूनच त्या इंजिनापेक्षा शहाणी होती. रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, पुढे टॉर्शन बार (पाट्यांऐवजी पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी), इंजिन पुढच्या चाकांकडे बरंच पुढे सरकवलेलं, त्यामुळे वळणावर अशी चिकटून जाते की चोर्ल्याच्या घाटात माझ्यामागचे एसयूव्हीवाले गोंधळतात.

हँडल फिरलं तरी व्हॉल्व्ह अडकलेले असू शकतात, तीस वर्षांत हमखास. बाजूचं झाकण काढलं की दिसतात, तेल सोडत सोडत लाकडाने हलकेच टकटक.

आता पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. म्हणून गंज दिसायला वाईट एवढाच प्रश्न नसतो, तो गाडीचा कणा खातो. आडवं हो आणि टॉर्च घेऊन तीन जागा बघ. पुढच्या सीटखालून आडवा जाणारा पेटीसारखा भाग, टॉर्शन बारची मागची टोकं तिथे अडकवलेली असतात. मग इंजिनच्या दोन्ही बाजूंचे लांब पाय. आणि मागचे पाटे जिथे बॉडीला टांगलेत ते. स्क्रू ड्रायव्हर टोच, आवाज टण् आला तर देवाचे आभार, पुठ्ठ्यासारखा भस्सकन आत गेला तर वेल्डिंग. लांबी कुठे भरलीय ते लोहचुंबक फिरवलं की कळतं. दाराखालची पट्टी कापायची वेळ आली तर आधी दाराच्या भोकात आडवा पाइप वेल्ड करून आधार दे, नाहीतर गाडी मधून वाकते आणि मग जन्मात दार लागत नाही. हे कुठल्याही टिंकरला सांगावंच लागतं, चांगला असला तरी.

चाकाच्या मागे खाली ट्रनियन म्हणून एक तुकडा असतो, आत आटे. त्यावर पुढचं चाक उभं आहे. याला ग्रीस नाही मारलं तर आटे झिजतात आणि एके दिवशी गाडी चालू असताना चाक आडवं पडतं. मायनर रस्त्याच्या कडेला नमस्कार घातल्यासारखी बसलेली दिसली तर कारण ९९ टक्के हेच. माझी तशी बसलीय, पर्वरीला, भर गर्दीत. वेग कमी होता म्हणून लिहितोय.

ब्रेकचं मास्टर सिलिंडर बोनेटखाली शोधू नको, ते ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या आत आहे. गालिचा उचलला की झाकण. कोणत्या विचाराने तिथे ठेवलं ते इसिगोनिसच जाणे, मला तो भेटला असता तर एवढंच विचारलं असतं.

पेट्रोल आता इथेनॉलवालं, जुनं रबर आणि कॉर्क खातं. पंपाचा पडदा, पाइप, सगळं नवीन टाक. पार्ट इंग्लंडहून येतात, ट्रनियनपासून काचेच्या रबरापर्यंत सगळं मिळतं, कस्टम भरायची तयारी ठेव. श्रीलंकेत पण मायनरवाले भरपूर, एक काळ तर असा होता की तिथे हाताने ठोकलेले पत्रे इंग्लंडला जायचे. ज्यांनी गाडी बनवली त्यांनाच!

घाटावरचा_शाणा (बेळगाव)

एवढं सगळं करण्यापेक्षा... बरं, काही नाही बोलत.

कागदपत्रं_आधी (फोंडा)

सगळे भावूक झालेत म्हणून मी कोरडं बोलतो. गाडी कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्याच असेल तर आपल्या गोव्यात इन्व्हेंतार (वारसांमधली मालमत्तेची कोर्टातली वाटणी) झाला होता का, त्यात गाडी धरली होती का ते बघ. नाहीतर तू दोन वर्षं घाम गाळून गाडी उभी करशील आणि पहिल्या रॅलीला आफ्रिकेतला चुलत भाऊ हिस्सा मागायला हजर. हसू नका, आमच्याकडे एका शिवणयंत्रावरून झालंय.

जुनं पुस्तक, जीडी नंबर काही असेल तर जपून ठेव. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले, पन्नास वर्षांवरची गाडी, चासी-बॉडी-इंजिनात मोठे बदल केलेले नकोत (मारुती इंजिनवाले ऐकताय ना). नोंदणी आधीपासून असेल तर मूळ नंबर ठेवता येतो. नव्याने करायची तर व्हीए मालिकेतला नंबर, फी वीस हजार, दहा वर्षांसाठी, नंतर पाच हजार देऊन वाढवायची. रोज ऑफिसला नेता येणार नाही, धंद्याला लावता येणार नाही. लग्नाचं भाडं विसर.

जुनं_लोखंड (मडगाव)

+१ फोंडेकर. एक राहिलं, इंग्लंडात गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, तिथे काउलीच्या उत्पादनाच्या जुन्या नोंदवह्या आहेत. चासी नंबर कळवून फी भरली की ते नोंद शोधून दाखला देतात, गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग काय, कुठे पाठवली. पहिली मायनर पण त्यांनी सांभाळून ठेवलीय, नंबर एसएमएम ५०१, क्रमांक तिथूनच सुरू केले होते. तुझा नंबर इथे जाहीर टाकू नको, थेट त्यांनाच पाठव. मला पैजेवर सांगायला आवडेल की १९४९ ची निघेल, पण कागद येऊ दे.

मांगरातली_गाडी (डिचोली)

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, माफी. चवथीची गडबड.

काकाला मी हा सगळा धागा वाचून दाखवला. मांगर तूर्त राहिला, खोल्या पुढच्या बाजूला निघतील. इन्व्हेंतारात गाडी खरंच होती, ‘एक जुनी मोटार’ म्हणून, आजीच्या वाट्याला. आजी म्हणते मला ठाऊक होतं. कोणी विचारलं नाही म्हणून बोलली नाही म्हणे.

पाना भाई, प्लग काढून तेल घातलं, आठच्या ऐवजी बारा दिवस ठेवलं. हँडल आधी हललंच नाही. मग एका संध्याकाळी, जोर पण लावला नव्हता, सुळ्ळकन पाव वळसा फिरलं. तीन व्हॉल्व्ह अडकलेत, ते चाललंय. सीटखालच्या पेटीत स्क्रू ड्रायव्हर टोचला, डावीकडे टण्, उजवीकडे भस्सकन. इंग्लंडला मेल टाकलाय, उत्तर यायचंय. कोंबडीला नवीन जागा दिली, ती रोज परत येते.

आणि मागचा बंपर मिळाला! शेजार्‍यांच्या गोठ्याच्या फाटकाला आडणा म्हणून लावलेला, कधीतरी आजोबांनीच दिला असणार. शेण धुऊन बघतो तर तो पण मधोमध कापलेला आणि चार इंचांची पट्टी. धावत टिंकरला दाखवायला घेऊन गेलो. त्याने उलटा-पालटा करून बघितला, बोल्टांवरून बोट फिरवलं, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे मागून पण कोणीतरी ठोकली होती.’